हरणाऱ्याच्या हाती काहीतरी उरू द्या : गेम बनवायला शिकणाऱ्यांना खुलं पत्र

विश्रामबाग, सांगली

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

पुण्या-मुंबईच्या संस्थांत असा किंवा घरच्याच कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून शिकत असा, तुमच्यापैकी बरेचजण सध्या आपला पहिला बॉस, म्हणजे गेममधला वाट अडवणारा मोठा शत्रू, घडवत असतील. तो पुरा करण्याआधी माझं थोडं ऐका. मी सांगलीत गेमिंग पार्लर चालवते. पूर्वी याच जागेत माझ्या भावाचं सायबर कॅफे होतं. आता काही पीसी आहेत, काही प्लेस्टेशन आहेत आणि भिंतीलगत एक लांब बाकडं आहे. इंजिनिअरिंगची मुलं-मुली येतात, शाळा सुटली की दप्तरासकट येणारे येतात, काही कामानिमित्त तासगाव-कवठेमहांकाळहून आलेले एखादा तास काढून जातात. खेळणारे थोडे आणि बाकड्यावरून बघणारे जास्त, असं रोजचं चालू असतं.

मला गेम बनवता येत नाही. पण बॉससमोर बसलेली माणसं मी रोज बघते. त्यांचे खांदे, अंगठे, हरल्याबरोबर तोंडातून निघणारा पहिला शब्द. कोण पुढच्या तासाचे पैसे काढतो आणि कोण कंट्रोलर ठेवून चपला शोधतो, हे सगळं माझ्या टेबलासमोर घडतं. ते बघून माझं एक मत पक्कं झालं आहे.

बॉस अवघड आहे म्हणून कुणी उठून जात नाही. हरल्यावर हाती काहीच लागलं नाही, की उठून जातात. "आता कळलं, त्यो डावा हात मागं घेतो तवा पळायचं," असं पुटपुटत हरलेला मुलगा पुन्हा बसतोच. "काय झालं त्येच कळलं न्हाई," म्हणणारा गेला. पुढच्या वेळी तो दुसरा गेम मागतो. जिंकल्यावर पार्लरभर आरडाओरडा होतो तो खराच, पण पुढे वर्षानुवर्षं ज्या बॉसचं नाव निघतं, तो हरवता हरवता काहीतरी शिकवून गेलेला असतो.

ही विद्या जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेत प्लेटो नावाच्या कॉम्प्युटर यंत्रणेवर केलेल्या 'डीएनडी' या गेममध्ये एक सोनेरी ड्रॅगन होता. बॉस म्हणावा असा पहिला शत्रू म्हणून त्याचंच नाव घेतात. पण शिकवण्याची कला बघायची असेल तर १९८७ चा 'पंच-आउट' बघा. त्यात किंग हिप्पो नावाचा ढोल्या बॉक्सर आहे. ठोसे मारत राहिलं तरी त्याला काही होत नाही. मधूनच मात्र तो तोंड उघडतो. नेमक्या त्या क्षणी तोंडावर ठोसा बसला की त्याची चड्डी घसरते, ती सावरण्यात तो गुंततो आणि पोट उघडं पडतं. मग पोटावर मारा. एवढंच कोडं आहे, पण ते कळल्यावर खेळणाऱ्याला वाटतं की हे मीच शोधून काढलं. त्याच्या आधी, १९८५ च्या 'सुपर मारिओ'त, बाउझर या बॉसशी लढणं जमत नसेल तर त्याला चुकवून पलीकडची कुऱ्हाड गाठली की पूल कोसळतो आणि तो खाली जातो. अख्ख्या स्टेजभर गेमने उड्या मारायला शिकवलेलं असतं; बॉसही उडीच मागतो. आपल्याकडे कॅसेट घालून खेळायच्या स्वस्त व्हिडिओ गेमवर वाढलेल्यांना हे शब्दांत सांगता येणार नाही, पण अंगठ्यांना अजून आठवत असेल.

आता तुमच्या बॉसकडे या. तो वार करण्याआधी काय करतो? खांदा खाली जातो, पाय मागे सरकतो, शस्त्र उचलताना क्षणभर थांबतो, असं काहीतरी दिसायला हवं. फक्त आवाजावर इशारा ठेवू नका. पार्लरमध्ये पंखा चालू असतो, रस्त्यावर हॉर्न वाजत असतात आणि शेजारच्या पीसीवर चौघे एकमेकांच्या नावाने ओरडत असतात. ज्याला मुळात ऐकूच कमी येतं, त्याचं काय? त्याचप्रमाणे सगळी मेख इंग्रजी मजकुरात पुरून ठेवू नका. कुठल्यातरी वस्तूच्या वर्णनात बारीक अक्षरांत 'हा आगीला घाबरतो' असं लिहिलेलं असतं आणि माझ्याकडची निम्मी मुलं ते पान उघडतही नाहीत. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागतो आणि वेळेचे पैसे पडतात. २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये नुसती तलवार आडवी धरून अडवता न येणारा वार येण्याआधी एक लाल जपानी अक्षर चमकतं. जपानी इथे कुणालाच येत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. अक्षर दिसलं की सावध व्हायचं, आणि पायाशी फिरणारा वार आहे की पोटात खुपसणारा, हे शत्रूच्या अंगाकडे बघून ओळखायचं. पायाशी असेल तर उडी, खुपसणारा असेल तर वेगळा डाव. धोका आहे हे गेम सांगतो, कुठला ते ओळखणं तुमच्यावर सोडतो. यापेक्षा प्रामाणिक वाटणी मी बघितलेली नाही.

बाकड्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या वर्गात त्याचा विषय निघत नसावा. आमच्याकडे एकट्याने खेळायचा गेमसुद्धा पाचजण मिळून खेळतात. मेला की कंट्रोलर पुढच्याला. त्यामुळे एकाच्या हरण्यातून पाचजण शिकतात. बाकड्यावरची मुलगी ओरडते, "दुसऱ्या उडीनंतर तो दमतोय बघ," आणि ती बरोबर असते. खेळणाऱ्याला घाईत जे दिसत नाही ते तिला लांबून दिसतं. तुमचा बॉस त्या बाकड्यावरूनही वाचता आला पाहिजे. सांगलीकरांना हे नवीन नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. त्या काळच्या नाटकमंडळ्यांत देवपार्टी असे तशी राक्षसपार्टी असे. राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी परजत, थयथयाट करत यायचे. त्या आरोळ्यांवरून लोक त्या नाटकांना 'अललडुर्र' नाटकंच म्हणू लागले. पुढे शिकलेल्या मंडळींनी त्यांना नावं ठेवली. मला मात्र त्यात मोठी समज दिसते. ना माइक, ना विजेचे दिवे, आणि तरीही शेवटच्या रांगेतल्या पोराला कळायचं की आता कोण आलाय, तो किती ताकदीचा आहे आणि कुणाच्या जिवावर उठलाय. बॉसच्या प्रवेशाचं काम तेवढंच आहे. तुम्ही मात्र तिथे तीन मिनिटांचं भाषण घालता.

भाषण घालायचंच असेल तर दुसऱ्यांदा ते ओलांडून पुढे जाता येऊ द्या. २००२ च्या मूळ 'किंगडम हार्ट्स'मध्ये हॉलो बॅस्टिअनला रिकूशी लढाई होती. हरलात की तोच लांब प्रसंग पुन्हा पहिल्यापासून बघायचा, पुढे ढकलायची सोयच नव्हती. त्या लढाईबद्दल जुन्या खेळाडूंना विचारा, ते लढाईआधी त्या संवादांबद्दल बोलतील.

वेळ खाण्याचा दुसरा प्रकार म्हणजे मेल्यावर बॉसपर्यंतची वाट पुन्हा तुडवायला लावणं. काहींना ही वाट आवडते. ते म्हणतात, चालता चालता डोकं थंड होतं. त्यांचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही, ज्याच्याकडे पूर्ण रात्र आहे त्याचं होतही असेल. माझ्याकडच्या मुलाचा तास मात्र घड्याळावर चालू असतो. त्या तासातला मोठा वाटा जर आधीच ओलांडलेले खड्डे पुन्हा ओलांडण्यात गेला, तर शिकायला उरतं किती? २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये पुष्कळ बॉसच्या दाराशीच पुन्हा उठायची सोय ठेवली आणि त्यामुळे तो गेम सोपा झाला असं कुणी म्हटलं नाही. उलट २०२५ मध्ये 'सिल्कसाँग' आला तेव्हा लास्ट जजपर्यंतच्या वाटेवरूनच किती वाद झाला! तो बॉस स्वतः चांगला आहे. मरताना स्फोट होऊन तुम्हालाही घेऊन जाऊ शकतो, हे मला दुष्टपणाचं वाटत नाही, एकदा भोगलं की कायमचं कळतं. चीड येते ती वाटेची.

आणि वीज. वीज जाते, मित्रांनो. बॉसचे तीन टप्पे असतील आणि मध्ये कुठेच प्रगती राखून ठेवली नसेल, तर तिसऱ्या टप्प्यावर अंधार होतो तेव्हा त्या मुलाला सांगायला माझ्याकडे शब्द नसतात. यूपीएस आहे, पण तो कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता.

हरण्याचं काय करावं याचं उत्तम उत्तर मला २०१७ च्या 'कपहेड'मध्ये सापडलं. तिथे मेलात की पडद्यावर एक रेघ येते, टोकाला झेंडा, मधे टप्प्यांच्या खुणा, आणि तुम्ही त्या रेघेवर कुठवर पोचला होतात ते दाखवतात. मुलं रेघ बघतात आणि म्हणतात, "मागल्यापेक्षा पुढं गेलो." गेम तोच, बॉस तोच, हार तीच. पण हरलेल्याला आपण सरकलो हे डोळ्यांनी दिसतं, आणि हात आपोआप पुन्हा बटणावर जातो. हे करायला फार मोठी टीम लागत नाही. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही करता येईल.

सर्वांत वाईट बॉस मात्र वेगळाच असतो. खेळाडूने जे कमावलं ते तो दारातच काढून घेतो. २०११ च्या 'डीयस एक्स: ह्युमन रेव्होल्यूशन'मध्ये लपतछपत, बोलून, कुलपं-कॉम्प्युटर फोडून पुढे जायची पूर्ण मोकळीक होती. अनेकांनी एक गोळी न झाडता खेळायचं ठरवलं. मग बंद खोलीत बॉस समोर, आणि बंदूक चालवण्यावाचून मार्ग नाही. त्या लढाया दुसऱ्या कंपनीकडून करून घेतल्या होत्या आणि ते जाणवत होतं. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्या खोल्यांत वेगळ्या वाटा घातल्या गेल्या, म्हणजे चूक बनवणाऱ्यांनाही पटली होती. याच्या उलट, त्याच २०११ सालच्या 'बॅटमॅन: अर्कम सिटी'तला मिस्टर फ्रीझ. त्याच्यावर एक युक्ती एकदाच चालते. छतावरून झडप घातली, तर पुन्हा छताचा उपयोग नाही. तो शहाणा झालेला असतो. गेमभर शिकलेली प्रत्येक युक्ती तुम्हाला आठवावी लागते. ही परीक्षा खरी, कारण अभ्यासक्रमातलंच विचारलं.

बाकीच्या खोडी थोडक्यात. भिंतीला टेकलं की कॅमेरा बॉसच्या पाठीत घुसतो आणि काहीच दिसत नाही. बॉसचा जीव, म्हणजे वार बसला की कमी होणारी पट्टी, इतका लांबलचक दिलेला असतो की डाव कळून गेल्यावरही अर्धा तास तेच तेच करत राहावं लागतं. वारांवर इतका लखलखाट असतो की वारच दिसत नाही. ही शेवटची खोड मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. 'एल्डन रिंग'च्या २०२४ च्या पुरवणीतल्या रादान या शेवटच्या बॉसबद्दल हीच तक्रार होती, आणि काही महिन्यांतच पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढून त्याचे काही वार नि त्यावरचा झगमगाट कमी करावा लागला. त्याच गेममधल्या मलेनिया या बॉसबद्दल मात्र माझं मत लोकांहून निराळं आहे. ती तुम्हाला मारता मारता स्वतः बरी होते, अगदी ढालीवर वार बसला तरी. तिचं नाव मोठं आहे, नृत्यासारखा तो वार डोळ्यांत भरतो, सगळं मान्य. पण तुम्ही मेहनतीने उतरवलेला तिचा जीव पुन्हा चढताना दिसतो, तेव्हा 'कपहेड'ची ती रेघ कुणीतरी पुसल्यासारखं होतं. मला ते पटत नाही.

अवघड गेममध्ये सोपी सोय ठेवली तर खेळाचा अपमान होतो, असं मानणारे तुम्हाला भेटतील. कृपा करून त्यांचं ऐकू नका. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये वेग कमी करता येतो, दम वाढवता येतो, आणि तरी त्या डोंगराचा मान कमी झालेला नाही. एखाद्याची बोटं नीट वळत नाहीत. त्यालाही शेवट बघायचा असतो, आणि तोही पूर्ण तासाचे पैसे देतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला बॉस मनापासून आवडतात, तिच्याकडे येते. १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो? आपल्याकडे कॉम्प्युटर शिकायला गेलेल्यांनी क्लासमध्ये चोरून खेळलेला. त्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली सुटी होते. ती त्याच्या तोंडचं औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार पाडते. शेवटी समोरासमोर येते तेव्हा तुम्ही तलवार काढता, वार करता, आणि जीव तुमचाच कमी होतो. तोपर्यंत प्रत्येक शत्रूला तलवारीनेच उत्तर दिलेलं असतं. इथे तलवार म्यान करायची आणि पुढे चालत जायचं. मग दोघे एक होतात. भाषण नाही, लखलखाट नाही. एक बटण सोडून देण्यातून केवढं सांगितलं!

'होलो नाइट'मधले मँटिस लॉर्ड्सही असेच. ऑस्ट्रेलियातल्या मूठभर माणसांनी २०१७ मध्ये केलेला हा गेम. आधी एकजण उतरतो आणि आपले सगळे वार दाखवतो. तो पडला की उरलेले दोघे एकदम येतात. वार तेच, पण आता दोन बाजूंनी. म्हणजे धडा आधी आणि परीक्षा नंतर. आणि जिंकल्यावर ते झुकून मान देतात. त्यानंतर त्यांच्या वस्तीतले मँटिस, जे आजवर दिसताक्षणी अंगावर यायचे, तेही वार न करता झुकतात. माझ्याकडे हे झालं की बाकड्यावरचा गलका थांबतो. शत्रूकडून मान मिळणं ही कुठल्याही खजिन्याहून मोठी गोष्ट आहे, हे या मुलांना सांगावं लागत नाही. २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये तर सोळा महाकाय जीवांखेरीज मारायला कुणीच नाही, आणि एकेक कोसळतो तसतसं जिंकल्याचं समाधान कमी होत जातं. २०१५ च्या 'अंडरटेल'मधली टोरिएल तुमचा जीव कमी झाला की वार तुमच्यापासून दूर फेकते, कारण तिला तुम्हाला मारायचंच नसतं.

अशा गोष्टी आपल्याकडे कमी आहेत का? कराड तालुक्यातल्या पालला खंडोबाची यात्रा भरते, तिथे तुमच्यापैकी अनेकजण आईवडिलांबरोबर भंडाऱ्यात न्हाऊन आला असाल. खंडोबाने मारलेले मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ. दोघेही राक्षस, दोघेही बलाढ्य, पण शेवट निराळा. मणी शरण आला, त्याने देवाजवळ जागा मागितली आणि त्याला ती मिळाली. मल्ल अखेरपर्यंत वळला नाही. त्याचं शिर देवळाच्या पायरीशी आलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडतो. २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये ऑर्न्स्टीन आणि स्मोग या जोडीतला जो आधी पडेल त्याचं बळ दुसऱ्याला मिळतं, म्हणून कुणाला आधी पाडायचं हा निर्णय तुमचा. मणी-मल्लाच्या जोडीत असा निर्णय ताकदीचा न राहता दयेचा होऊ शकतो. कोण शरण येतोय हे तुम्हाला त्याच्या हालचालीतून ओळखावं लागेल आणि हात आवरावा लागेल. ही लढाई मला खेळायची आहे. ती कॅलिफोर्नियात कुणाला सुचायची नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि समोर महाबलासुर. आपल्या मातीतलं जगासमोर नेता येतं हे त्यांनी दाखवलं. २०२४ मध्ये चीनच्या 'ब्लॅक मिथ: वुकाँग'ने तर माकडराजाची कथा माहीत नसलेल्या सांगलीच्या पोरांना खिळवून ठेवलं. आपल्या बॉसच्या मागची गोष्ट त्या गेमने प्रकरणाच्या शेवटी चित्रफितींतून सांगितली. ज्याला मारलं त्याच्याबद्दल मुलं नंतर तासभर बोलत होती.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमचा बॉस पुरा व्हायच्या आधी इथे आणा. रंग भरले नसतील तरी चालेल, ठोकळे हलत असले तरी चालेल. दुपारी शाळा-कॉलेजं सुटायच्या आधी एक पीसी मी मोकळा ठेवेन, त्याचे पैसे घेणार नाही. अट एकच: मुलं खेळत असताना तुम्ही बाकड्यावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. "तिकडे जा", "आता उडी मार" काही सांगायचं नाही. तो हरल्यावर पहिला शब्द कोणता काढतो, तेवढा वहीत लिहून घ्यायचा. शिवी असेल तर ती कुणाला दिली तेही लिहा, स्वतःला की तुमच्या गेमला. दोन्हींत खूप फरक आहे आणि पुढची दुरुस्ती कुठे करायची ते त्यावरूनच ठरेल.

गुरुवारी पार्लर बंद असतं, तेवढा वार सोडून कधीही या.

कळावे,
तुमची,
विश्रामबागेतली पार्लरवाली ताई